कुत्र्याला दिलेलं औषध

माझं माहेर दिंद्रुडचं, सासर इकडं नेकनूरच्या अंगाला, दोनी घरं मेंढरंवाली, तवा जन्म मेंढरामागंच गेला म्हना. पोरगी झाली, सोनी, अन् तवापासून माझा जीवच विटला बघा. भूक न्हाई, झोप न्हाई, लेकरू रडलं तरी हात उचलायचा न्हाई. काय सांगू तुमाला ताई, बाहेरचं लागलंय म्हनून अंगारे झाले, मग गोळ्या झाल्या, काईच फरक न्हाई. सोनीला थोरल्या जाऊबाईनं कडंवर घेतलं ते घेतलंच.

मग शहरातल्या डाक्टरनं केटामाइन सांगितलं, शिरंतून द्यायचं. नाव ऐकलं अन् मालक उठलेच. कावून तर आमच्या कुत्र्याला रानडुकरानं फाडलतं, तवा ढोराच्या डाक्टरनं तेच देऊन टाके घातलते, अन् कुत्रं उघड्या डोळ्यानं मढ्यावानी पडलतं. शहरातले डाक्टर म्हनले, अहो मानसालाबी तेच देतेत, फक्त थोडं. मालक म्हनले, माझी बायको काय जनावर हाय का. लई माया हो त्यांची, त्या मायेनंच मला घरी आनलं अन् वरसं गेली.

शेवटी मी अन्नपानी सोडलं, तवा जाऊबाई मालकावर कडाडल्या, कुत्रं वाचलं की त्यानं, मग बाई कावून न्हाई वाचनार? अन् त्याच घेऊन गेल्या मला.

सुई लागली तवा छत लांब लांब गेलं, अंग माझं न्हाईच असं वाटलं, भ्या वाटलं, पन नर्स जवळ बसलती, उतरलं ते. दुसऱ्या दिवशी चहा गोड लागला. एवढंच, पन मी रडले. डाक्टर म्हनले, मेंदूतल्या पेशींना बारकी बारकी दारं असतेत, हे औषध त्यातलं एक अडवतंय, मग निरोप दुसऱ्या दारानं जोरात जातेत अन् पेशीपेशीतल्या वाळल्या धाग्यांना फुटवे येतेत. समदं अजून त्यांनाबी उलगडलेलं न्हाई म्हने. मला पटलं, मेंढरंबी एक वाट अडवली की दुसरी धरतेत. पन एका सुईनं भागत न्हाई, ओसरतंय ते, परत परत जावं लागलं.

बरी होऊन बघते तर सोनी जाऊबाईच्या पोरांचं ऐकून मला काकू म्हनायची. ही तुझी आई हाय, जाऊबाईनं लई सांगितलं, पोरगी त्यांच्याच पदराआड जायची. मालक मान खाली घालतेत. कुनाला बोलू मी?

परवा ताप होता तिला. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होते. डोळे उघडून म्हनली, काकू, आईला बोलव ना. मी उठले अन् जाऊबाईला बोलवून आनलं. सुखात ऱ्हावं लेकरू, जाऊबाईलाबी लई आयुष्य मिळू दे.