गाडी गरम होईपर्यंत

नाही, बंद नाही करणार. आणि काका, काचेवर असं टकटक करायची काही गरज नव्हती, दिसताय तुम्ही मला — स्वेटर उलटा घातलाय तेही दिसतंय. मुद्दाम रेस करते? पाय बघा माझा, आहे का पॅडलवर? गाडी आपली आपण ओरडतेय. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन जास्तीचं पेट्रोल ओढतं — आतलं ऑइल गोठल्यासारखं घट्ट — त्यात हळू फिरलं तर बंदच पडेल. शिवाय धूर साफ करणारी जाळी असते खाली, ती तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून सुरुवातीला वेग चढा. तापली की उतरतो. काकूंची झोपमोड होते, कळतं मला, पण इलाज काय?

कुणी शिकवलं? सासऱ्यांनी. गाडीही त्यांनीच शिकवली. त्यांचा थोरला, माझा नवरा — म्हणजे तेव्हाचा — खिदळायचा, हिला धड सायकल येत नाही म्हणायचा. बाबा म्हणाले, तू बस गं, मी आहे शेजारी.

त्यांच्याकडेच तर जाते रोज. वृद्धाश्रमात. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली — नाक काय दाबताय? धुराचा नाही तो वास. मागच्या सीटवर चादरी आहेत त्यांच्या, काल धुवायला आणल्या, वर न्यायचं त्राण राहिलं नाही. तिथे ओल्यातच निजवतात हो माणसाला! आणि दोन-दोन सख्खे मुलगे. धाकटा दारातूनच फळांची पिशवी टेकवतो नि पळतो. थोरला फोनवर म्हणतो, मला किळस येते, नाही जमत. किळस! याचं ढुंगण काय शेजाऱ्यांनी धुतलं होतं? शी! फोनवर थुंकता येत नाही म्हणून, नाहीतर थुंकले असते. वर मलाच विचारतो, आता तुझा काय संबंध? बरोबर आहे, घटस्फोट झालाय, मी कोण? तिथल्या नर्सला मी मुलगी म्हणून सांगितलंय.

आणि मला येत नाही वाटतं किळस? रोज येते. दात आवळून पुसते. काल पुसता पुसता ओकारी आली — तोंड फिरवलं मी — आणि बाबांनी पाहिलं. बोलता येत नाही, पण पाहिलं ना. डोळे मिटून घेतले त्यांनी. मी बाबा, बाबा करतेय, हात चोळतेय — छे. निघेपर्यंत उघडले नाहीत. झोप नव्हती ती, पापण्या हलत होत्या. आता आज जाऊन कुठल्या तोंडाने —

काय? आवाज उतरला? हो, मघाशीच उतरला. मग थांबलेय कशाला? कशाला म्हणजे — तुम्हाला काय करायचंय? व्हा बाजूला. पाय येईल चाकाखाली.