तिकांडं किती वाजता उगवतं

खर्डीच्या दवाखान्यात सात नंबरची चिठ्ठी धरून बसलेल्या नम्रताच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं. लेकीच्या मोबाइलवर कॉलेजचा खगोलशास्त्राचा पेपर चालू होता, आणि वर घड्याळ उलटं पळत होतं.

“आये, बोलू नको. शेवटचा प्रश्न हाय, दोनच मिनिटं रायलीत.”

“वाच तरी.”

“एक तारा आज राती नऊला उगवला. महिन्यानं किती वाजता उगवंल?”

“कोनता तारा?”

“कोनता पन.”

“मग आपलं तिकांडं धर, ओळीतले तीन तारे. भात झोडतो तवा जेवनं झाल्यावर वर येतं. महिन्यानं वाल उगवून आले का दिवेलागनीलाच हजर.”

“म्हंजे सात?”

“घड्याळाचं तू बघ.”

“पन पुस्तकात बघायचं नाय, असं लिवलंय गो.”

“मी काय पुस्तक हाय?”

तेवढ्यात कंपाउंडरनं हाक मारली.

“सहा नंबर! भिमी पारधी!”

“पुढच्याला घ्या, दादा,” आई म्हणाली. “आमचा पेपर चाललाय.”

“बरं. सात नंबर!”

नम्रता जागची हलली नाही.

“आठला घ्या,” ती म्हणाली. “आमाला निकाल बघायचाय.”