केळीच्या खुंटाची कबर

कंपाला-जिंजा टोलरस्त्यात जाणाऱ्या कबरींची नोंद चालली होती. रांगेत माझ्यापुढे नाकियेंबा आजी होती आणि तिच्या शेजारी एक म्हातारा.

"आजी, कबर कोणाची?"

"नवऱ्याची. लुबेगा."

"आणि हे कोण?"

"हेच ते."

"साहेब, मी सरोवरात बुडालो असं समजून हिनं रीतीप्रमाणे प्रेताऐवजी केळीचा खुंट पुरला. नऊ वर्षांनी मी बेटावरून परतलो."

"बेटावरच्या बाईकडून, हेही सांगा की."

"रीतीनं कबर उघडून खुंट काढल्याशिवाय मला घरात घेता येत नाही, आणि ही उघडू देत नाही. दोन वर्षं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी झोपतोय."

"साहेब, तुमचा रस्ता जरा वळवा ना."

"आता नाही वळत, आजी. कबर उघडावीच लागेल."

"आजच उघडा, साहेब."

"घाई बघा यांची. त्यापेक्षा तो खुंट बरा, कधी जागचा हलला नाही."

"नाकियेंबा, आता तरी घरात घेशील?"

"साहेब, तुमच्या रस्त्यावरून फुकट जाता येईल का?"

"नाही, टोल लागेल."

"मग माझ्या उंबऱ्यालाही लागेल. बेटावरचा एकेक दिवस खरा सांगायचा, मगच पाऊल आत."

"नऊ वर्षांचे सगळे दिवस?"

"घरी जाऊन चहा ठेवते मी. तुम्ही उंबऱ्याबाहेर बसून सुरुवात करा."