पेन्सिलचे मार्क

नाही नाही, चहा नको सर, सरबत पण नको, पहिलं ती वही काढा — हो, तीच, निळ्या पुठ्ठ्याची, पेपर वाटताना काखेत धरायचात ती. आहे ना? रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी पेन्सिल कानावर ठेवून बसलाय, म्हणजे वही पण असणारच. जागृती? खाली आहे, गेटपाशी. मीच म्हटलं थांब, सर चिडके आहेत, आधी मी बोलतो. कोलशेतवरून डोंबिवली, दीड तास बाईकवर दादाच्या मागे बसून आली बिचारी, आणि वर लिफ्ट बंद — असू दे, तिला बसू दे खालीच.

परत सांगू? सांगतो. आपल्याकडे काय असतं, दहावीला किती, बारावीला किती, खेळ खल्लास. नववी कोण विचारतो? नववी म्हणजे मार्क दाबायचं वर्ष. तुम्ही तर उघड बोलायचात वर्गात — ‘नववीत फुगलेला दहावीत फुटतो.’ आणि आम्ही हसायचो. शी! हसायचो आम्ही! लाल पेनाने पेपरवर कापलेले मार्क, पेन्सिलने वहीत खरे मार्क, आणि पोरं रडत घरी — तुम्हाला काय, तुमचा दहावीचा निकाल भारी लागायचा. पण त्या अमेरिकेतल्या कॉलेजला हे कुठे माहितीये? त्यांना नववी ते बारावी, चारही वर्षांचे मार्क हवेत. सगळ्याचं मिळून एक ॲव्हरेज काढतात, जीपीए म्हणतात, चारपैकी. साडेतीनच्या वर आलात तर अर्धी फी माफ. जागृतीला दहावीला ब्याण्णव, बारावीला अठ्ठ्याऐंशी, अकरावी पण झकास — आणि नववीला बासष्ट. बासष्ट, सर! त्या एका बासष्टने बाकीची तीन वर्षं पाय धरून खाली ओढली. तीन पॉइंट तीन. काउन्सिलर मॅडम विचारते, हिला त्या वर्षी काही आजार झालेला का? म्हटलं हो, झालेला, आमच्या सरांना झालेला.

काल शाळेत गेलेलो. नवीन हेडमॅडम आधी एकदम गोड — ‘आमच्याकडे असं काही होत नाही.’ मग दार लोटून हळूच म्हणतात, ‘सरांच्या वहीतलं पान आणा, सरांची सही घ्या, मी शिक्का मारून पत्र देते.’ म्हणजे बघा! सगळ्यांना माहितीये आणि कोणाच्याच तोंडात नाही. किळस येते मला, खरं सांगू? मी वागळे इस्टेटला क्वालिटीत आहे ना, दिवसभर पार्ट मोजतो. केसाएवढा फरक पडला तरी माल परत. मी मनाने आकडा लिहिला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. आणि तुम्ही? तीस वर्षं मनाने आकडे लिहिलेत, वर शाल-नारळ घेतलात. शुक्रवारी लास्ट डेट आहे सर. शुक्रवार गेला की फी माफी गेली, आणि फी माफी गेली की अमेरिका गेली. आमच्या आयने बॅग पण आणून ठेवलीय, रोज पुसते ती रिकामी बॅग.

हां, आणा. द्या इकडे. अक्षर मात्र मोत्यासारखं हं, लाज वाटावी इतकं सुंदर. कुठे आहे... दर्शना — लाल शहात्तर, पेन्सिल सत्याऐंशी. ओवेन — लाल साठ, पेन्सिल सत्तर. दिपेशचे पण दहा. वा, सगळ्यांना समान न्याय! आणि ही जागृती. लाल बासष्ट. पेन्सिल... त्र्याऐंशी. त्र्याऐंशी! बघा, मी म्हणत होतो की नाही? एकवीस! बाकीच्यांचे दहा-अकरा आणि माझ्या बहिणीचे एकवीस कापलेत? का? काय घोडं मारलेलं तिने तुमचं? द्या, सही करा इथे खाली, मी लगेच झेरॉक्स — बोट कशाला ठेवताय? शेवटचा रकाना, हो, दिसतोय, शेरा आहे, वाचता येतं मला.

वाचलं ना. कशाला परत?

असं बघू नका ना सर. ठीक आहे. आलेलो मी. ओपन डेला बाबांना सुट्टी नव्हती म्हणून मी आलेलो, हे बघा तुम्ही तारीख पण टाकलीय. ‘बंधूंच्या विनंतीवरून आणखी दहा कमी.’ बंधू! किती शुद्ध लिहिता हो तुम्ही. मी काय बोललेलो — हिचं लक्ष नाय, मोबाईलमध्ये असते, जरा जास्तच दाबा, धाक राहील. भल्यासाठीच बोललेलो ना. मोबाईल होता का तिच्याकडे? नव्हता. तेव्हा तर नव्हताच. माझाच मागून घ्यायची, तो पण गणिताचे व्हिडिओ बघायला... अहो पण घरात काय चाललेलं तुम्हाला माहितीये का? मी इंजिनियरिंगला तीन विषयांत लटकलेलो, आणि आत्या, काका, आमची बायजा आजी, जो येईल तो — बहिणीकडून शीक जरा. ती चौदा वर्षांची आणि मी एकवीसचा! मला वाटलं एकदा, एकदाच घरी कमी मार्क घेऊन येऊ दे. आली. दोन दिवस जेवली नाही. मीच तिला टपरीवर नेऊन वडापाव खाऊ घातला, म्हटलं होतं असं, सर खडूस आहेत. आणि ती काय बोलली — दादा, तू आहेस म्हणून. म्हणून तर तिला खाली... तुम्हाला कळलेलंच ना, मी तिला वर का नाही आणलं ते?

पण तुम्ही तरी का ऐकलंत हो? एकवीस वर्षांचा पोरगा येऊन बोलतो आणि तुम्ही कापता?

हे काय? खोडरबर? काढून ठेवलेलाच होता टीपॉयवर? किती जणांचं खोडलंत असं, अं? किती दादा आले इथे? बरोबर आहे, पेन्सिलनेच लिहिलंय, दोनदा घासलं की साफ — पण मग एकवीस कुठून आले? बाकी सगळ्यांचे दहा आणि हिचेच एकवीस, हेडमॅडम बोलणार आकडा नंतर टाकलाय, शिक्का देणारच नाहीत. तो शेरा आहे म्हणून तर त्र्याऐंशी खरे वाटतात. आणि हे पान कॉम्प्युटरवर चढवणार कोण? तीच. फॉर्म सगळा तीच भरते, मला तर पासवर्ड पण माहीत नाय.

द्या तो खोडरबर. बघू. एक मिनिट हातात तर धरू द्या.

बेल... तीच असणार. सांगितलेलं थांब म्हणून, ऐकते कुठे. सर, उठू नका — नाही, उठा, तुम्हीच उघडा दार. आणि हा घ्या तुमचा खोडरबर, चिकट झालाय, घाण. आधी सही करा पण. केलीत? हां.

ये गं. चप्पल काढ. पाया-बिया पडायची गरज नाय कोणाच्या. मिळालं, हो, त्र्याऐंशी, खरंच त्र्याऐंशी — रडतेस काय, येडे? हे धर पान. तुझी ओळ सातवी. शेवटपर्यंत वाच, शेवटचा रकाना पण.

मोठ्याने नको वाचूस.