शांतलिंगप्पांपुढचं ताट

नाही, शांतलिंगप्पा, तो वास येसराचाच आहे — धने, खोबरं, लवंग; जरा जास्त भाजलं गेलं असंल, दुसरं काही न्हाय. तुम्ही भाकरी मोडा. उमरग्यात कुणालाही विचारा, ह्या चन्नम्माच्या खानावळीत लिंगपूजा झाल्याशिवाय चूल पेटत नाही. पाणी माझी लक्ष्मी स्वतः आडातून शेंदते. तुम्ही मुलाचे वडील, चूल बघूनच सून नेणार, ते रास्तच आहे. गाव सोडलं की केळी-चुरमुऱ्यांशिवाय तुम्ही कशाला शिवत नाही, हे मला ठाऊक आहे — लक्ष्मीचे वडीलही तसेच होते. हैदराबादला कचेरीच्या कामाला गेले, तर चार दिवस घरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

इथं कोण जेवतं म्हणता? आपलेच अडते, व्यापारी — मोटारवाले येतात, पण ते ओसरीवर. शिपाई? कुणी सांगितलं? येतात कधीमधी. निजामसरकारची माणसं, त्यांना नको म्हणायला जीभ उचलते का कुणाची? पण ह्या चुलीवर कधी तसलं शिजलं नाही. परसातसुद्धा नाही — म्हणजे परसात एकदाच. मागच्या पोळ्याला दोघं कोंबडी घेऊन आले. चूल त्यांनीच मांडली, भांडं द्या म्हणाले. मडकं दिलं असतं तर फोडून टाकता आलं असतं. घाईत हाताला पितळी पातेलं लागलं. मग चिंचेनं घासलं, त्यात निखारे भरून ठेवले, नवी कल्हई करून घेतली. जंगमस्वामींनाही विचारलं, शुद्ध झालं म्हणाले — आता कोंबडीचं मी बोलले नाही, परक्यांनी वापरलं एवढंच सांगितलं.

लक्ष्मीनं काय केलं? काही न्हाय. उंबऱ्यात उभी होती. त्यांना रस्सा जमंना, तर म्हणाली, येसर घाला. एवढंच. लवकर शिजलं तर लवकर जातील, असं वाटलं पोरीला. सतरा वर्षांची पोर, पुढं दोन बंदुका — तुम्ही काय सांगितलं असतं?

जेवा की. हे ते पातेलं नव्हं.

व्हय, तेच आहे. तुमच्यासोबत पाच माणसं, एवढं मोठं दुसरं भांडं घरात नाही. पण माझ्या पोरीनं काय खाल्लं हो त्यातलं? वासानं तिला ओकारी आली, दोन दिवस अन्नावर —

उठलात?

बरं. सोमलिंग, वाढायचं राहू दे, पाव्हण्यांच्या वहाणा पुढं ठेव. लक्ष्मे, बाहेर ये. ह्या ताटाला कुणी शिवलेलं नाही. बस, जेव तू.