म्हशीच्या नावानं एक इंजेक्शन

—नाही नाही साहेब, म्हैस इथं आणायची गरजच नाही, मी तोंडी सांगतो ना सगळं! सहा महिन्यांमागं तिला गोचीड चावली, ताप आला, ताप डोक्यात चढला, एकवीस दिवस सलाईनमधून औषध गेलं — बरी झाली म्हणा, पण पहिल्यासारखी नाही. पायाला मुंग्या येतात. डावा गाल अजून जड आहे, चहा पिताना कोपऱ्यातून गळतो — पाणी, पाणी म्हणतोय मी, पाणी पिताना. दुपारभर नुसती पडून असते. चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधत... असं काय बघताय साहेब? म्हशीनं चष्मा घालू नये असा कायदा आहे का?

बरं, बसतो. ओढतो खुर्ची. मीच ती म्हैस. झालं समाधान? हिलाल म्हणतात मला, रनाळ्याचा. पण गोचीड म्हशीचीच होती हां, त्यात खोटं नाही — तिला कुरवाळत बसायची खोड मला, दुसरं काय. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीत सुई घालून पाणी काढलं, तपासलं, म्हणाल्या, बाबा, गोचिडीनं दिलेला रोग पार मेंदूपर्यंत गेलाय. शीला, म्हणजे माझी बायको, दारात रडायला लागली — आणि मी म्हटलं, चला, मला मेंदू आहे हे तरी एकदाचं हिला कळलं!

त्यांच्या औषधाला नाव ठेवायला जागा नाही. पण गेल्या महिन्यात परत गेलो, म्हटलं, अजून एकवीस दिवस द्या, तर म्हणे नाही. जंतू मेले, आता त्या औषधानं काही साधणार नाही, उलट पोट बिघडेल; राहिलंय ते हळूहळू येईल, रोज चाला. चाला! आता तुम्ही सांगा, तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे दिसता — कपाशीवर एका फवारणीनं कधी भागतं का? एक हात मारला की आठ-दहा दिवसांनी दुसरा, हे शेंबडं पोरही सांगेल. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देईना, म्हणून म्हटलं ढोरांच्या दवाखान्यात बघू. इंजेक्शनला काय ठाऊक, कातडी कोणाची ते! — काय? म्हैस पाचशे किलोची असते? मग माझ्यापुरतं कमी भरा ना, आठवा हिस्सा घाला. अडतं कुठं?

घाई? घाई येत्या गुरुवारची. साहेब, आमच्याकडं लग्नात माईकवर पाहुण्यांची नावं घ्यावी लागतात — कोण मामा, कोण व्याही, कुठल्या गावचे — एक नाव राहिलं की पाहुणा भरल्या ताटावरून उठतो आणि पुढं तीन वर्षं ऐकवतो. तीस वर्षं तो माईक माझ्या हातात. चिठ्ठी नाही, चोपडी नाही. आणि साखरपुड्याला, माझ्याच पोरीच्या साखरपुड्याला — लोणखेड्याचे लोटननाना झाले, पुरुषोत्तमनगरचे भिला आबा झाले, सगळे झाले, शेवटी म्हटलं, आणि आमची कन्या, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी... आणि पुढं काहीच नाही. कोरं. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी — दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. चारशे माणूस माझ्या तोंडाकडं बघतंय. पोरगी हसली हो, म्हणाली, आप्पाना माईक बंद पडना वाटस! सगळा मांडव हसला. पण नंतर मोरीत नळ सोडून रडत होती, मी ऐकलं. सव्वीस वर्षं जिला हाक मारली तिचं नाव — मन्ही माय वं! रोग झाला तेव्हा एवढं नव्हतं वाटलं साहेब.

तसं घरात येतं नाव, चांगलं येतं. कोणी विचारलं की पळतं. म्हणून तळहातावर लिहून आणलं होतं, हे बघा — अरेच्चा. घामानं निळं झालं सगळं. नका, नका विचारू साहेब, विचारलं की जातं, सांगितलं ना! आणि शीलाला तरी विचारू कोणत्या तोंडानं?

काय म्हणता? कीड मेली तरी खाल्लेलं पान... हं. भरून येत नाही. नवं फुटायची वाट बघावी लागते. आणि मेलेल्या किडीवर परत फवारलं तर... झाडच करपतं. खरंय की! डॉक्टरीणबाई हेच म्हणत होत्या, पण त्यांनी कपाशीत सांगायला पाहिजे होतं ना!

म्हणजे गुरुवारी पोरीच्या लग्नात मी माईक दुसऱ्या कोणाला — थांबा, हॉर्न वाजतोय. पोरगीच आहे, स्कूटीवर आणलं तिनं मला, तिला वाटतंय मी तुम्हाला लग्नाचं आमंत्रण द्यायला आलोय. उन्हात उभी आहे, ओरडेल आता, आलोच म्हणून सांगतो — ऊनू वं रुपा, ऊनू! दोन मिनिटं थांब, माय!

...

ऐकलं का साहेब? काय म्हटलं मी? नाही, तुम्ही म्हणू नका, मीच म्हणतो. रुपा. रुपा! — डोळ्याला काही नाही झालं हो, डावा डोळा असाच गळतो, रोगाचं आहे ते. उजवा? उजवा त्याच्या सोबतीला.

चला, उठतो. गुरुवारी जेवायला या, माईकवर पहिलं नाव तुमचं... काय म्हणालात नाव? नको, राहू द्या, गुरुवारी विचारतो. सिरिंज ठेवा आत. आणि वहीत माझी म्हैस लिहिली असेल तर खोडा — मी नाशिकहून यायच्या आधीच शीलानं ती विकून टाकली.