वखारीची कडी

राजाबाई : आता तुला चंपा म्हनू का बाईसाहेब म्हनू, तेवडं तरी सांग.

ब्राह्मी : ब्राह्मी म्हण, राजाक्का. ब्राह्मी नेमिनाथ मगदूम, चिकोडीची. हेच माझं खरं नाव.

राजाबाई : नेमिनाथ मगदूम? तंबाखूचं व्यापारी? ज्यांच्या गाड्या आमच्या वखारीत लागत्यात, त्येंची लेक तू?

ब्राह्मी : हो.

राजाबाई : अन् नऊ दिस माझ्या मांडीला मांडी लावून तंबाखू चाळलीस! चाळन कशी धरायची ते म्या शिकिवलं तुला. नवऱ्यानं टाकलीया म्हनलीस, म्हनून मुकादमाच्या हातापाया पडून आत घेतलं.

ब्राह्मी : नवरा वारला माझा, मी चौदा वर्षांची असताना. टाकलेली म्हटलं ते खोटं. पुष्कळ खोटं बोलले मी तुझ्याशी. पण दुसरा मार्ग नव्हता. बेळगावच्या आमच्या साप्ताहिकानं आधी एक माणूस धाडला होता. मालकानं त्याला चहा पाजला, पुढची हवेशीर खोली दाखवली आणि वाटेला लावलं. मागं तुम्ही साठ बायका कोंडलेल्या, हे त्याला कळलंसुद्धा नाही. तिथं बाईच जाऊ शकत होती, तीही पोटासाठी आलेली.

राजाबाई : शाळेच्या मास्तरानं वाचून दावला तुझा पेपर. खोटं एक अक्षर न्हाय त्यात. भाईरनं कडी घालत्यात, झरोका न्हाय, तंबाखूच्या धुळीनं, खकान्यानं डोळं जळत्यात, पोटुशी बाई बी सुटत न्हाय. आपल्यासंगं चाळनारी पोटुशी मालू कशी पडून मेली ते ऐकताना मला तितंच रडू फुटलं. दुसऱ्या दिशी भरमू मुकादमानं मला दारातनंच परत लावलं. म्हनला, ती चंपा तूच आनलीस, आता तिच्याकडंच काम माग जा.

ब्राह्मी : मला कळलं ते.

राजाबाई : मग कशाला आलीस? माफी मागाया?

ब्राह्मी : तुला चावडीवर न्यायला. आज प्रांतसाहेब येताहेत. मुंबईत आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ आलंय, म्हणून निदान चौकशी तरी लागली. मालक म्हणतो, लेख कुणीतरी घरबसल्या रचलाय. मालुबाई वखारीत वारलीच नाही, घरी अंथरुणात वारली. आणि तसा कागद आहे त्याच्याकडं.

राजाबाई : कागद? कुनी दिला असला कागद?

बाळाबाई : म्या दिला.

(मालुबाईची आई बाळाबाई उंबऱ्यात उभी आहे. कधीपासून, ते दोघींनाही माहीत नाही.)

राजाबाई : मावशी! अगं, काय बोलतीस तू?

बाळाबाई : अंगठा माझा हाय त्याच्यावर. लेकीला गाडीत घालून दारात आनली. भरमू म्हनला, वखारीत मेली म्हनशील तर सरकारी डाक्टर तिला फाडनार, पोटातल्या जिवासकट. एवडं ऐकलं अन् दिला अंगठा. तू शिकल्याली हाईस, पोरी. चुकलं का माझं?

ब्राह्मी : नाही, मावशी. तुमच्या जागी कुणीही दिला असता.

बाळाबाई : मास्तर पेपर वाचाय लागला तवा मी उठून गेलो. कागदातलं मला ऐकायचं न्हवतं. पर तू हुतीस तितं. माझी मालू कशी गेली ते तुझ्या तोंडानं सांग. काय बी झाकू नगो.

ब्राह्मी : दुपार कलली होती. सकाळपासूनच खोकत होती ती. एकाएकी चाळण हातातून सुटली आणि ती कुशीवर पडली. राजाक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

राजाबाई : वठ काळंनिळं झालं हुतं, मावशी. घोटभर पानी न्हवतं आत. पदरानं वारा घालाय गेलो, तर त्यानं खकानाच वर उठला.

ब्राह्मी : आम्ही सगळ्यांनी दार बडवलं. भरमू बाहेरच होता. म्हणाला, तुमची रोजचीच नाटकं ही, तंबाखू पळवायची. सुटी झाल्याशिवाय दार उघडायचा हुकूम नाही.

बाळाबाई : किती येळ?

ब्राह्मी : तासभर.

बाळाबाई : कुलूप हुतं?

ब्राह्मी : नव्हतं. नुसती कडी.

बाळाबाई : नुसती कडी.

राजाबाई : हात सोलवटलं आमचं बडवून बडवून.

ब्राह्मी : आणखी एक आहे, मावशी. ते मी लेखात लिहिलं नाही. राजाक्कालाही माहीत नाही.

राजाबाई : आता अजून काय?

ब्राह्मी : मी कुणाची ते भरमूला ठाऊक नव्हतं, पण आमच्या आप्पांच्या शब्दाबाहेर तो नाही. मालकाचा अर्धा धंदा आप्पांवर चालतो. दाराच्या फटीतून मी एवढंच ओरडले असते, की मी नेमिनाथ मगदूमांची मुलगी आहे, तर त्यानं त्याच क्षणी कडी काढली असती.

राजाबाई : अन् वरडली न्हाईस?

ब्राह्मी : नाही.

राजाबाई : का?

ब्राह्मी : ओळख फुटली असती. आणखी चार दिवस हवे होते मला, म्हणजे लेख पुरा झाला असता. वाटलं, एवढा गलबला चाललाय, आत्ता उघडेल, आत्ता उघडेल. नाव ओठांवर आलं आणि गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. शेवटी ओरडायला म्हणून खकाण्यासाठी तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं, तेव्हा तू म्हणालीस, 'गेली.'

राजाबाई : ऊठ. माझ्या घरातनं भाईर हो.

बाळाबाई : थांब, राजाबाई.

राजाबाई : काय थांब, मावशी? हिला लेख पायजे हुता, म्हनून आपली पोर तडफडून मेली! अन् ही वर येऊन सांगतीया!

बाळाबाई : कडी भरमूनं घातली. घालाय मालकानं लावली. ते इसरू नगो. हिचं काय ते मी मागनं बघीन. पोरी, जाताना मालू काय बोलली का?

ब्राह्मी : तुमच्याबद्दल बोलली. म्हणाली, 'आईला एकदम सांगू नगासा. ती पळत सुटंल, अन् तिचा गुडघा दुखतोय.'

बाळाबाई : व्हय. दुखतोय.

राजाबाई : मावशी, खाली बस. बस जरा. पानी आनतो.

बाळाबाई : नगं पानी. चावडीवर काय सांगनार तू?

ब्राह्मी : सगळं. माझं नाव, आप्पांचं नाव, आणि दाराशी गप्प राहिले तेही.

राजाबाई : खुळी हाईस का? मालकाचा वकील तेवडंच धरून बसंल. अन् तुझं आप्पा?

ब्राह्मी : आप्पा आधीच येऊन बसलेत चावडीवर. मालकाच्या शेजारी.

बाळाबाई : दिलेला अंगठा पुसता येतोय का गं?

ब्राह्मी : पुसता येत नाही. पण तो कसा घेतला ते सांगता येतं. साहेबांना तेही लिहून घ्यावं लागतं.

बाळाबाई : राजाबाई, हात दे मला. अन् तू बी चल. मांडीवर तुझ्या गेली ती. तू न्हाय बोलायचीस तर कोन?

\* \* \*

राजाबाई : चावडीवर वकील इंग्रजीत काय म्हनला गं तुला? समदी हसली ती.

ब्राह्मी : म्हणाला, जी बाई खोट्या नावानं राहते आणि मरणाऱ्याजवळ तोंड मिटून बसते, तिच्या शब्दाची किंमत काय?

राजाबाई : तू काय म्हनलीस त्येला?

ब्राह्मी : काय म्हणणार? म्हटलं, माझ्या शब्दावर नका जाऊ. दार बघून या.

राजाबाई : म्हनून सायेब उठला व्हय! म्या बगितलं की. वखारीच्या मागल्या दाराशी उभा ऱ्हायला अन् भरमूला इचारलं, ही कडी भाईरच्या अंगाला का? भरमू नुसता मालकाच्या तोंडाकडं बगतोय. मग कडी उपसाय सुताराला हाळी मारली. खिळं गंजल्यालं, लवकर निघंनात. समद्या बायका भाईर येऊन बगत हुत्या.

ब्राह्मी : मालकावर खटला होईल म्हणतात. होईल का, झाला तर टिकेल का, मला ठाऊक नाही. पण मालुबाई वखारीत वारली, एवढं सरकारी कागदावर आलं. मावशींच्या जबानीनं आलं, माझ्या लेखानं नव्हे.

राजाबाई : अन् तुझं आप्पा? कवा उठून गेलं?

ब्राह्मी : मी नाव सांगितलं तेव्हाच. टांग्यात चढताना एकदा मागं वळून बघितलं. म्हणाले, 'मनीगी बरब्याड.' घरी येऊ नको. फार रागावले की ते कानडीतच बोलतात.

राजाबाई : मग आता?

ब्राह्मी : सकाळच्या मोटारीनं बेळगाव. आजच्यापुरती धर्मशाळा. आज जे चावडीवर सांगितलं ते लिहून काढायचंय, दाराशी गप्प राहिले ते. या वेळी माझ्या नावानं.

बाळाबाई : लिव. लिवायलाच पायजे.

ब्राह्मी : मावशी, मला तुमची—

बाळाबाई : मागू नगो. मला द्याया येनार न्हाय. आज तर न्हायच. कवा यील, न्हाय यील, मला बी ठावं न्हाय.

ब्राह्मी : हो, मावशी.

बाळाबाई : तुमी जैन मानसं दिस बुडायच्या आत जेवतासा न्हवं?

ब्राह्मी : हो.

बाळाबाई : मग पाय उचल, भाकर माझ्या घरी खा. दिस लई खाली गेलाय.